डोंगरावरून उतरवलेली डिश

मीटरवर चौऱ्याऐंशी आकडा आला तेव्हा तू माझ्या पाठीवर होतीस, पांकारा, आणि माझ्या वेणीचं टोक चोखत होतीस.

डिशच्या खांबापाशी इंजिनिअर कोसिओंनी मीटरच्या तारा काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा चौऱ्याऐंशी. ते उकिडवेच बसून राहिले. डोंगरमाथ्यावर वारा एवढा होता की त्यांची टोपी त्यांनी गुडघ्याखाली दाबून धरली होती.

"किती यायला पाहिजे?" तुझ्या आजोबांनी विचारलं.

"दहाच्या आत, ताता."

"मग हा तर आठपट आहे! चांगलंच झालं की."

"नाही हो. हे तापासारखं आहे. जितकं कमी तितकं बरं." कोसिओ उठले. "वीज पडली की तिला जमिनीत उतरायला वाट लागते. या आकड्याइतकी त्या वाटेत अडचण. इथे सगळा कातळ. जमिनीत जागा मिळाली नाही की ती यंत्रात शिरणार, तिथून केबलने आरोग्य केंद्रात, आणि तिथे जो कोणी फोन कानाला लावून बसला असेल त्याच्यात."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी इनोसेंसिओकडे पाहिलं. आरोग्य केंद्रातला जुना रेडिओ वीज पडून जळाला तेव्हा त्यासमोर तोच बसला होता. तेव्हापासून त्याचा डावा कान गेला आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध गेला. तुझ्या जन्माच्या वेळी मी दीड दिवस अडले होते. तुझा बाप खाणीवर. इनोसेंसिओ चार तास चालत त्या वळणापर्यंत गेला जिथे मोबाइलला रेंज येते, डॉक्टरांनी सांगितलेलं कागदावर लिहून घेतलं आणि चार तास परत आला. तोवर तू आपली आपण आली होतीस. पण दर वेळी असं होत नाही. तुझ्यानंतरच्याच महिन्यात गावात एक बाळ राहिलं नाही.

"उद्या तीन वाजता ट्रक निघेल," कोसिओ म्हणाले. "तोवर आकडा दहाच्या आत आला आणि फोनचा सेट लागला, तर मी सही करीन. नाही तर सगळं उचलून यादीतल्या पुढच्या गावाला."

"पुढचं कुठलं?"

त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी कागद काढून पाहिला. "तोलापाम्पा."

आता सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोलापाम्पा माझं माहेर.

झालं होतं असं. आपल्याकडे वर्षभर ज्याच्या हाती गावकीची काठी असते, त्याने गावासाठी काहीतरी काम मागे ठेवून जायचं. आधीच्याने व्हॉलीबॉलचं मैदान केलं, त्याच्या आधीच्याने वेशीवर कमान. यंदा काठी तुझ्या आजोबांकडे. मी तुला घेऊन ओरुरोला दोन आठवडे उपग्रहावरून चालणाऱ्या या फोनच्या ऑपरेटरचं प्रशिक्षण घ्यायला गेले होते. एकोणीस जणांत आम्ही तीन बायका, आणि अंगावर पिणारी एकटी तू. मी परत यायच्या आत आजोबांनी चार-चार माणसं लावून पेट्या डोंगरावर चढवल्या, कातळावर सिमेंटचा ओटा घातला आणि डिश खांबावर उभी केली. का, तर तिथून ती तोलापाम्पाच्या चौकातून दिसते. एर्मोहेनेस चोकेने, म्हणजे आपण, केलेलं काम शेजारच्या गावाने रोज सकाळी उठून पाहावं, एवढीच त्यांची इच्छा.

"ताता," मी म्हणाले, "खाली आणू या."

"ऐकलंत?" कासिमिरा आत्या म्हणाली. ती आजोबांची धाकटी बहीण, आणि तिच्या तोंडाला आजोबाही वचकून असतात. "आली बघा तोलापाम्पाची! आपलं काही उंचावर दिसलं की तिकडच्यांच्या डोळ्यांत खुपतं."

"आत्या, खाली आणली तर ती इथे राहील. वर ठेवली तर उद्या तिकडे जाईल. मला तिकडेच द्यायची असती तर मी गप्प बसले असते."

"उंचावर उपग्रह जवळ पडतो," मागून कोणी तरी म्हणालं.

"उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर आहे. आपला डोंगर साठ मीटर. मुंगी खुर्चीवर चढली म्हणून तिचा हात चंद्राला लागतो का?"

दोघं-तिघं हसले. इनोसेंसिओने शेजारच्याला विचारलं, "काय म्हणाली?" आणि कळल्यावर सगळ्यांचं हसून झाल्यानंतर एकटाच मोठ्याने हसला. त्याने आजोबांचा चेहरा आणखीच उतरला. भर गावात सून बोलली होती आणि लोक हसले होते.

"अजून सळया ठोका," ते म्हणाले.

दुपारपर्यंत पुरुषांनी कातळात सळया ठोकल्या. कोपरभर आत गेली की वाकायची. तीन सळया वाकल्या, घणाचा दांडा मोडला, आकडा एकोणऐंशीवर आला. मग कोणीतरी मीठ-पाणी ओतायची युक्ती काढली.

"ओता की," कोसिओ म्हणाले. "आज उतरेल, मी गेल्यावर चढेल. सही माझी आहे, पण कान तुमचे."

मी तुला पाठीवर नीट बांधलं, एक सरळ सळई आणि छोटा हातोडा उचलला आणि खाली निघाले. कोणाला काही सांगितलं नाही.

या घरात आले तेव्हा मला पहिलं काम मिळालं लामांच्या कळपामागे जायचं. नव्या सुनेला तेच देतात. तीन हिवाळे मी आपल्या लामा चारल्या. जन्मापासून इथे असलेल्यांना गावाचे रस्ते माहीत आहेत. मला गावाची जमीन माहीत आहे. शाळेच्या मागे आरोग्य केंद्राच्या भिंतीला लागून जो हिरवा तुकडा आहे ना, तिथे ऑगस्टच्या कोरड्या थंडीत सगळीकडे धूळ उडत असते तेव्हाही लामांचे खूर उमटतात. सकाळचं गोठलेलं दव तिथे सगळ्यात उशिरा वितळतं. वर वाळलेलं दिसतं, पण टाच दाबली की खाली स्पंजासारखं. एकदा तिथे माझी चप्पल रुतली होती आणि कासिमिरा आत्याच सगळ्यांना आठवडाभर सांगत होती.

मी सळई उभी धरली आणि ठोकायला लागले. पहिल्या दहा घावांतच ती गुडघाभर आत गेली. लोण्यात सुरी जावी तशी. मला एकदम इतकं हसू आलं की तूही पाठीवर हसायला लागलीस, कशाला ते तुला ठाऊक नसताना.

मागे सावली पडली. आजोबा होते. काठी टेकत खाली आले होते. त्यांनी काठीच्या टोकाने सळई हलवून पाहिली.

"इथे?" ते म्हणाले. "लामांच्या मुतारीत?"

"हो."

"लोक म्हणतील, एर्मोहेनेसने वर्षभर काठी मिरवली आणि काम ठेवलं चिखलात."

"लोक काहीही म्हणोत, ताता. मोजू या आधी."

त्यांनी माझ्या हातातला हातोडा घेतला. मला वाटलं फेकतात आता. पण त्यांनी अंगावरचा पोंचो मागे टाकला आणि उरलेली सळई स्वतः ठोकली. मग वर डोंगराकडे तोंड करून खाणीतल्या माणसासारखी आरोळी दिली. कोसिओ मीटर घेऊन धापा टाकत आले.

एका सळईवर सतरा. तीन-तीन मीटरवर आणखी दोन ठोकल्या, तिन्ही जाड तांब्याच्या तारेने जोडल्या. कोसिओंनी बटण दाबलं आणि मीटर माझ्यासमोर धरला. मी वाचायचं होतं.

"सहा पूर्णांक आठ," मी म्हणाले.

"पुन्हा," आजोबा म्हणाले.

पुन्हा सहा पूर्णांक आठ.

कोसिओंनी होकायंत्र काढून उत्तरेचं आकाश पाहिलं. देवळाचा मनोरा आड येत नव्हता, बाजूला राहत होता. "डिश इथे कोरड्या कडेला," ते म्हणाले, "सळया ओलीत, मधे सात मीटर चर. तार सरळ न्यायची, कोपरा नको. वीज कोपरे वळत बसत नाही. पण नवा ओटा उद्यापर्यंत वाळणार नाही. लोखंडी चौकट आहे माझ्याकडे, तिच्यावर वजन ठेवावं लागेल. चारशे किलो."

"दगड?" आजोबांनी विचारलं.

"दगड चालतील."

"दगड!" आजोबा पहिल्यांदा हसले. "इंजिनिअर, या गावात दुसरं आहे काय?"

त्यांनी डोंगराकडे पाहिलं. डिश तिथे पांढरीशुभ्र उभी होती. खरंच, फार देखणी दिसत होती. मग काठी उचलून ते म्हणाले, "खाली आणा." एवढंच. ते दोन शब्द त्यांना केवढ्याला पडले असतील ते मला कळलं, कारण त्यानंतर सूर्य कलेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, पण डिशच्या एका कडेला खांदा त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव आलं. दगड लोकर तोलायच्या काट्यावर तोलून चौकटीत रचले. चर पुरुषांनी खणला, बुजवायला बायका आल्या. कोसिओंनी मला हेल्मेट दिलं आणि पाठीकडे बोट दाखवलं. "ती नको." मी तुला तुझ्या आजीकडे दिलं. तुझ्याशिवाय पाठ इतकी हलकी वाटली की दोनदा मी हात मागे नेऊन चाचपलं.

डिशच्या समोर दांड्यावर जो भोंगा असतो, त्याच्या मागे ट्रान्समीटर बसतो. तो मी बसवला. केबलचे जोड मी घट्ट केले, त्यांवर रबरी टेप मी गुंडाळली, खालून वर, घराच्या छपराचं गवत रचतात तशी, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता वरून ओघळतं. केबलला भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ दिला, की थेंब तिथेच गळून पडावा. कोसिओ शेजारी हात बांधून उभे होते. एकदाच बोलले: "अजून एक वेढा." मी दिला.

दुपारी एकला आरोग्य केंद्रातली फोनची पेटी चालू केली. उपग्रह सापडला, मग ला पासच्या केंद्रावरच्या बाईंचा आवाज आला, बारीक आणि स्वच्छ. खिडकीबाहेर जमलेले सगळे पुढे सरकले.

"कालाउता," त्यांनी गावाच्या नावाने हाक मारली, "ट्रान्समीटर सुरू करा." केला. "बंद करून भोंगा थोडा डावीकडे फिरवा."

इथे मी जे केलं ते तू मोठी झालीस की नीट पाहा. ट्रान्समीटरचा खटका पाडायचा. पेटीला कुलूप लावायचं. किल्ली आपल्याजवळ, दुसऱ्या कोणाजवळ नाही. मी ती चोळीत टाकली. मगच डिशच्या समोर जायचं. भोंगा फिरवायचा, मागे यायचं, आजूबाजूला कोणी नाही हे डोळ्यांनी पाहायचं, मग कुलूप उघडायचं. त्या बाईंनी तीनदा फिरवायला लावला. तिन्ही वेळा मी तस्संच केलं.

"दर वेळी कुलूप कशाला?" आजोबा दारातून म्हणाले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले होते. "चालू असतानाच पटकन वळव ना. तेवढ्यात काय होतंय?"

"ताता, तुम्ही खाणीत सुरुंगाची वात पेटवून मग भोकात हात घालत होता का? तेवढ्यात काय होतंय म्हणून?"

त्यांनी अकरा वर्षं खाणीत काढली आहेत. ते दारातून हलले, बाहेर जाऊन उभे राहिले आणि परत घाईचं नाव काढलं नाही.

दोनला शेवटची तपासणी लागली. ट्रान्समीटर पूर्ण जोरावर. बाई म्हणाल्या, "दहा मिनिटं असंच राहू द्या." मी एक डोळा पेटीवर, एक खिडकीवर ठेवून बसले. आणि खिडकीतून मला दिसली कासिमिरा आत्या. हातात ताटली, ताटलीत मद्याची बाटली, कागदाचे रंगीत तुकडे, गळ्यात कागदी फितींच्या माळा. नवीन घर, नवीन ट्रक, नवीन शिलाई मशीन, आपल्याकडे काहीही नवं आलं की त्याला चाल्ला करतात, नाही तर ते टिकत नाही. ती दगडांवर चढली होती. भोंग्याच्या गळ्यात माळ घालायला तिने हात वर केला होता आणि तिचा चेहरा भोंग्याच्या तोंडापासून दोन वितींवर होता.

आधी हात, मग तोंड. मी खटका पाडला आणि ओरडले, "आत्या! मागे!"

असा आवाज माझ्यातून या घरात कधी निघाला नव्हता. आजीच्या मांडीवर तू रडायला लागलीस. पेटीतून बाई म्हणाल्या, "कालाउता, तुमचा सिग्नल गेला. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल." आणि दोन वाजून सात मिनिटं झाली होती.

मी बाहेर धावले. "आत्या, डोळ्यांना काही होतंय? गरम लागलं?"

"माझ्यावर ओरडलीस? माझ्यावर? तुझ्या नवऱ्याचं ढुंगण धुतलंय मी!"

"धुतलं असशील. पण त्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. त्यातून जे निघतं ते दिसत नाही, आवाज येत नाही, पण मांस तापवतं. डोळा सगळ्यात आधी. क्षणभराने काही होत नाही, पण क्षणभर किती ते त्यात उभ्या असलेल्याला कळत नाही."

"मग चाल्ला करायचा कुठे? चाल्ला तोंडाला करतात. नवरदेवाच्या पाठीवर कोणी कागदाची फुलं उधळतं का?"

घड्याळ चाललं होतं. मी तिला खेचूही शकत नव्हते आणि तिथे सोडूही शकत नव्हते. कोसिओ मुद्दाम मधे पडत नव्हते. त्यांच्या हातात कागद होता आणि ते माझ्याकडे बघत होते.

बोलले ते आजोबा. "कासिमिरा, खाली उतर," त्यांनी काठीने चराकडे दाखवलं. "वीज उतरणार ती त्या सळयांपाशी. आपली धरणीमाय, पाचामामा, तिथे आहे. तिला द्यायचं तर तिथे दे. वर काय, नुसती हवा."

आत्याने सळयांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे या पोरीनं आधी सांगायचं होतं," ती म्हणाली आणि दगडांवरून उतरली. तिने ओल्या मातीत मद्य शिंपडलं, आधी एका सळईला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. रंगीत कागद चिखलाला चिकटले. मग ती चराच्या टोकाशी उभी राहिली आणि कोणी पोर डिशकडे सरकलं की ताटली उगारायला लागली. "सरक! आंधळा व्हायचंय?"

मी आत गेले. कुलूप, खटका, सगळं पहिल्यापासून. दहा मिनिटं. फक्त तुझं हुंदके देणं आणि बाहेर आत्याचं ओरडणं. मग पेटीतून बाई:

"स्वच्छ. फार स्वच्छ. कालाउता, तुमची नोंद झाली. ऑपरेटरचं नाव सांगा."

मी नाव पुटपुटले. मागून आजोबा म्हणाले, "सांग की मोठ्यानं. मघाशी तर सगळ्या डोंगराला ऐकू गेलं."

"बासिलिया कुइस्बेर्त," मी म्हणाले. "कालाउता."

कोसिओंनी तीनला दहा कमी असताना सही केली. सही करताना म्हणाले, "आकड्यावर सही मी कालच केली असती. आजची त्या खटक्यासाठी." आणि सामान आवरायला निघून गेले.

पहिला फोन इनोसेंसिओने केला, उजव्या कानाला लावून, ओरुरोच्या डॉक्टरांना. "मी बोलतोय!" एवढंच तीनदा म्हणाला. मग बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ट्रक तोलापाम्पाच्या रस्त्याने निघाला. रिकामा. मी शाळेच्या आडोशाला बसून तुला पाजत होते आणि धूळ दूर जाताना बघत होते. माझी आई त्या गावात आहे. तिचे गुडघे, तिचा खोकला, सगळं तिकडे आहे. इथे राहिलं ते तिथे गेलं नाही, आणि ते माझ्या हातांनी राहिलं. मला अभिमान वाटत होता आणि छातीत काहीतरी टोचतही होतं. दोन्ही एकाच वेळी होतं, पांकारा, आणि एकाने दुसरं कमी झालं नाही.

आजी सुपाचा वाडगा घेऊन आली. त्यात मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा होता. तिने ट्रककडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"गुरुवारी डॉक्टर फोनवर असतील, तुझ्या आईला बोलव," ती म्हणाली. "डॉक्टर काय गाव विचारून तपासतात?"

मी जेवले. पलीकडे आजोबा चराच्या कडेने फेऱ्या मारत होते. कोणी भेटलं की त्याला थांबवून सांगत होते, "सहा पूर्णांक आठ." समोरच्याला कळो न कळो. "दहाच्या आत पाहिजे होता. आपला सहा पूर्णांक आठ." जत्रेत आपल्या बैलाचं वजन सांगावं तसं.

पाऊस लागला, जमीन आणखी भिजली की तो आकडा याहून खाली येईल. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. जानेवारीत, ऐन पावसात, त्यांच्या हातची काठी दुसऱ्याकडे जाईल, आणि माणूस त्या दिवसांत जरा रिकामा रिकामा होतो. तेव्हा मी ऑपरेटरकडचा मीटर घेऊन त्यांना चरापाशी नेणार आहे, आणि वाचायला त्यांनाच देणार आहे.